जलरंगात प्रकाश, सावली आणि भाव: नवोदितांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जलरंग हाती घेणाऱ्या नवोदिताला पहिली धास्ती रंग पसरण्याची असते, पण चित्र फसते ते बहुतेक वेळा उजेडाच्या बाबतीत. तैलरंगात सगळे चित्र रंगवून झाल्यावर शेवटी पांढऱ्या रंगाचा जाड फटकारा मारून उजेड दाखवता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. येथे प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावरून परत फिरतो आणि त्याच थरातून गाळला जाऊन आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे चित्रातला सगळा उजेड मुळात कागदाचा असतो आणि आपण चढवलेला प्रत्येक थर तो थोडा थोडा कमी करत जातो. म्हणून जलरंगात प्रकाश राखावा लागतो, आणि तो कुठे, किती व कोणत्या कडेने राखायचा हे ब्रश ओला होण्याआधी ठरवावे लागते. चित्रातून जो भाव पोहोचावा असे आपल्याला वाटते, तोही फार मोठ्या प्रमाणात याच निर्णयावर अवलंबून असतो.

पुढचे टप्पे एकाच साध्या विषयाला धरून सांगितले आहेत: खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेला एक पांढरा कप. पांढरी वस्तू मुद्दाम निवडली आहे, कारण तिथे वस्तूच्या स्वतःच्या रंगाचा आधार मिळत नाही. जे काही दिसते ते केवळ उजेड आणि सावली यांच्यामुळे दिसते.

साहित्य: कागदावर खर्च करा, रंगांवर नको

सर्वांत महत्त्वाची वस्तू कागद आहे. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, शक्य असल्यास पूर्ण सुती, कोल्ड प्रेस म्हणजे हलक्या खरबरीत पृष्ठभागाचा कागद घ्यावा. पातळ कागद ओला होताच फुगतो, त्याला खळगे पडतात, खळग्यांत रंग साचतो आणि सलग सावलीचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, मिळतच नाही. चांगल्या कागदाला सायझिंग केलेले असते, म्हणजे जिलेटिनसारख्या द्रव्यामुळे तो पाणी एकदम पिऊन टाकत नाही. रंग काही काळ वरच्या वर ओला राहतो आणि तेवढा वेळ आपल्याला कडा मऊ करायला मिळतो. हॉट प्रेस कागद गुळगुळीत असल्यामुळे त्यावर रंग घसरतो व डाग पटकन दिसतात, तर रफ म्हणजे जाड खरबरीत कागदावर ड्राय ब्रश, म्हणजे कोरड्यासर ब्रशचा तुटक फटकारा, सुंदर उठतो, पण लहान वस्तूंची बारीक वळणे दाखवणे कठीण जाते. सुरुवातीला कोल्ड प्रेसच योग्य. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डवर चिकटवावा.

रंग पाच-सहा पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक स्वच्छ पिवळा, क्विनॅक्रिडोन रोझसारखा एक थंड लाल आणि हवा असल्यास फ्थॅलो ब्लू. ट्यूबवरच्या आकर्षक नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे उत्पादक वेगवेगळी रंगद्रव्ये विकतात. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, फ्थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५. अस्सल अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, उजेडात फिका पडतो. सावलीच्या जांभळट छटेसाठी त्याच्यावर विसंबलेले चित्र काही वर्षांत थंड राखाडी होऊन बसते, म्हणून त्याच्याऐवजी पीव्ही १९ हे रंगद्रव्य असलेला लाल घ्यावा.

प्रकाश-सावलीच्या दृष्टीने रंगांचा आणखी एक गुण कळायला हवा. फ्थॅलो ब्लू कागदात मुरतो आणि वाळल्यावर जवळजवळ निघत नाही, तर अल्ट्रामरीन ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून सावलीला हलका रवाळ पोत देतात. सावल्या रंगवण्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी माझ्या मते नवोदिताला मिळणारी सर्वांत मोठी देणगी आहे: निळा जास्त घातला की थंड राखाडी, सिएना जास्त घातला की उबदार तपकिरी, आणि दोन्ही दाट घेतले की काळ्याच्या अगदी जवळ जाणारा, तरीही जिवंत असा गडद रंग मिळतो. तयार काळा रंग पहिले काही महिने पेटीतून काढून ठेवावा.

ब्रशांपैकी एक मोठा मॉप (मऊ, भरपूर पाणी धरणारा) किंवा फ्लॅट (चपटा) आणि चांगले टोक असलेले दोन राउंड (गोल) पुरेत. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाणी घेण्यासाठी. टिश्यू किंवा सुती फडके हाताशी असावे.

पहिला टप्पा: रंग विसरून टोन शिकणे

टोन म्हणजे छटेचा फिकेपणा किंवा गडदपणा. एकच गडद रंग घ्या आणि कागदावर पाच चौकोन आखा. पहिला कोरा कागद, पाचवा शक्य तितका गडद, मधले तीन समान अंतराने चढत जाणारे. हा सराव कंटाळवाणा वाटतो, तरी तो टाळणाऱ्यांची चित्रे ओळखू येतात: ती सगळी मधल्या छटांत अडकलेली असतात, त्यांत लख्ख उजेडही नसतो आणि ठाम सावलीही नसते. पाचवा चौकोन करताना लक्षात येईल की खरोखर गडद छटेसाठी रंग ट्यूबमधून काढल्यावर जेमतेम हलेल इतकाच पातळ करायचा असतो. पॅलेट तिरपे केल्यावर मिश्रण पाण्यासारखे वाहून गेले, तर ते कितीही काळे दिसत असले तरी वाळल्यावर मधल्या छटेचेच होणार.

याला कारण आहे. ओल्या थरावर पाण्याची चकाकी असते आणि त्यामुळे रंग गडद व तेजस्वी दिसतो. पाणी उडून गेले की पृष्ठभाग मॅट होतो आणि छटा फिकी पडते. हा फरक पहिल्या काही चित्रांत हमखास फसवतो. म्हणून प्रत्येक मिश्रण लावण्याआधी त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर लावून, वाळू देऊन मग ठरवावे, आणि सावली डोळ्यांना योग्य वाटते त्याहून थोडी गडद घ्यावी.

टोन पाहण्यासाठी डोळे किलकिले करावेत. बारीक तपशील विरघळतात आणि मोठे आकार उरतात. कपाकडे असे पाहिले की बहुधा तीनच आकार दिसतील: उजेडाचा, मध्यम छटेचा आणि सावलीचा. कपाची सावलीतली बाजू आणि टेबलावर पडलेली सावली यांच्यातली सीमारेषा अनेकदा दिसतच नाही. ती दिसत नसेल तर चित्रातही काढू नये. हे एवढेसे धैर्य चित्राला पुष्कळ काही देते.

दुसरा टप्पा: छोटे आराखडे आणि भावाचा निर्णय

आता काडेपेटीएवढ्या आकाराचे तीन-चार चौकोन पेन्सिलने आखून त्यांत फक्त तीन छटांत विषय मांडावा: कोरा कागद, मध्यम राखाडी, गडद. प्रत्येक आराखडा दोन-तीन मिनिटांत व्हायला हवा. तपशिलाला इथे जागा नाही. प्रश्न एवढाच असतो की या चौकोनाचा किती भाग उजेडाला द्यायचा आणि किती सावलीला.

भाव ठरतो तो इथे. चौकोनाचा बहुतेक भाग फिका ठेवून सावली एका कोपऱ्यात, मध्यम छटेची ठेवली तर चित्र मोकळे, शांत, सकाळचे वाटते. बहुतेक भाग गडद करून कपाची फक्त एक कड उजळ ठेवली तर तोच कप एकटा, गंभीर वाटू लागतो. उजेड आणि सावली अगदी निम्मे-निम्मे वाटून दिले तर मात्र नजर कुठे थांबावी हे कळत नाही. दोहोंपैकी एकाचे राज्य असावेच लागते. नवोदित भावासाठी रंगाकडे धावतात, उदास म्हणजे निळा आणि आनंदी म्हणजे पिवळा असे समीकरण मांडतात, परंतु छटांची वाटणी चुकली असेल तर कोणताही निळा रंग उदासी आणून देत नाही.

आराखड्याखाली एकच शब्द लिहावा, "निवांत", "ताण", "वाट पाहणे" असा काही. पुढे रंगवताना एखादी कड मऊ ठेवावी की कठोर अशी शंका आली की उत्तर त्या शब्दाकडून घ्यावे.

तिसरा टप्पा: सावलीची रचना समजून घेणे

प्रकाशाचा स्रोत एकच असावा. खोलीत खिडकीचा उजेड आणि वरचा दिवा दोन्ही चालू असतील तर कपाला दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. दिवा बंद करावा.

बाजूने उजेड पडलेल्या गोलाकार वस्तूवर क्रमाने काही भाग दिसतात. झळाळीचा ठिपका हा उजेडाच्या स्रोताचेच प्रतिबिंब असतो. चकचकीत कपावर नीट पाहिले तर त्यात खिडकीचा चौकोनही ओळखता येतो. त्याभोवती उजळ भाग, मग वस्तू उजेडापासून वळत जाते तसतशी गडद होणारी मधली छटा, आणि जिथे उजेड पोहोचणे थांबते तिथे सर्वांत गडद पट्टा. नवोदिताची अपेक्षा असते की यापुढे वस्तू कडेपर्यंत अधिकाधिक काळी होत जाईल. तसे होत नाही. टेबलावर पडलेला उजेड उसळून कपाच्या सावलीतल्या बाजूवर परत येतो, त्यामुळे कडेजवळ सावली किंचित उजळते आणि टेबलाचा रंग स्वतःत घेते. हा परावर्तित उजेड सावलीला पारदर्शकपणा देतो, पण तो कितीही मोहक दिसला तरी सावलीच्याच कुटुंबातला असतो. उजेडातल्या मधल्या छटेइतका तो फिका केला की कपाची गोलाई मोडते.

टेबलावर पडणारी सावली वेगळ्या नियमांनी चालते. कप जिथे टेबलाला टेकतो तिथे ती सर्वांत गडद आणि धारदार असते, आणि वस्तूपासून दूर जाताना फिकी व मऊ होत जाते. उन्हातही हे घडते, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश दिसते. त्यामुळे सावली पाडणारी वस्तू सावलीपासून एक मीटर दूर असेल तर सावलीच्या कडेला जवळपास एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा येतो. खिडकी तर कपाच्या मानाने कितीतरी मोठी असते, म्हणून खिडकीच्या उजेडातली सावली अधिकच लवकर मऊ पडते. सगळ्या सावल्यांच्या कडा सारख्याच धारदार काढलेल्या चित्रात वस्तू कापून चिकटवल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच.

सावलीचा रंगही राखाडी नसतो. निरभ्र दिवशी उन्हातल्या सावलीला थेट ऊन मिळत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड मिळतो, म्हणून ती निळसर दिसते. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हाच विरोध डोळे स्वतः निर्माण करतात आणि सावली थंड भासते. ढगाळ दिवशी उजेड थंड व विखुरलेला असतो, पडछाया जवळजवळ नाहीशा होतात आणि वस्तूंच्या खालच्या फटींतला काळोख तेवढा उरतो. उजेड उबदार असेल तर सावली थंड आणि उजेड थंड असेल तर सावली तुलनेने उबदार, हा सूत्ररूप नियम सुरुवातीला उपयोगी पडतो, मात्र समोर दिसणारी सावली आणि नियम यांत विरोध आला तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांचे १९०९ सालचे "कॉर्फू: लाइट्स अँड शॅडोज" हे जलरंग चित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. विषय जवळजवळ काहीच नाही: एक लहान पांढरे घर आणि त्याच्या भिंतीवर पडलेल्या झाडांच्या सावल्या. तरीही उन्हाची तिरीप जाणवते, कारण भिंतीचा उजळ भाग म्हणजे जवळजवळ कोरा कागद आहे आणि सावल्यांत निळा, जांभळट आणि उबदार पिवळट रंग एकमेकांत मिसळलेले आहेत.

चौथा टप्पा: प्रत्यक्ष रंगकाम

पेन्सिलचे रेखाटन हलक्या हाताने करावे. कपाच्या बाह्यरेषेबरोबर झळाळीच्या ठिपक्याचा आणि सावलीच्या सीमेचा आकारही आखून ठेवावा. बोर्डाखाली एखादे पुस्तक सरकवून त्याला किंचित उतार द्यावा.

पहिला वॉश अगदी फिका असतो. यलो ऑकरच्या पाणीदार मिश्रणाने टेबल आणि कपाचा मधल्या छटेपासूनचा भाग झाकावा. झळाळी आणि कपाची उजेडाकडची बाजू कोरी सोडावी. उतारावर वॉश देताना ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंगाचा एक फुगीर ओघळ जमतो. पुढचा फटकारा त्या ओघळाला जेमतेम स्पर्श करत आडवा न्यायचा, म्हणजे ओघळ खाली सरकतो आणि वर सपाट, सलग रंग राहतो. ओघळ मोडला किंवा वाळला तर तिथे रेघ उमटते. वॉशच्या शेवटी पिळलेल्या ब्रशच्या टोकाने तो जमलेला रंग शोषून घ्यावा, नाहीतर तो मागे परतून डाग पाडतो. ही एक हालचाल हाताला बसली की जलरंगाचे अर्धे तंत्र आले असे मी मानतो.

आता थांबायचे. कागद वाळण्याच्या अवस्था ओळखणे हे कौशल्य कोणत्याही ब्रशपेक्षा मोलाचे आहे, आणि त्यासाठी कागदाकडे वरून न पाहता उजेडाच्या विरुद्ध दिशेने, तिरप्या नजरेने पाहावे. सुरुवातीला पाण्याची आरशासारखी चकाकी दिसते. यावेळी टाकलेला रंग कुठेही पसरतो. चकाकी मंद झाली की रंग हळू पसरतो आणि मऊ कडा मिळते, सावलीसाठी हीच वेळ उत्तम. चकाकी पूर्ण गेली, पण कागद अजून दमट आहे, ही सर्वांत धोक्याची अवस्था: आता ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते रंगाचे कण ढकलत नेते आणि फुलकोबीसारखी दातेरी नक्षी उमटते. हाताची पालथी बाजू कागदाला हलकेच लावावी. थंड लागला तर ओल शिल्लक आहे. खोलीच्या तापमानाला आला की पुढचा थर द्यावा.

दुसरा थर सावलीचा. अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना यांचे पुरेसे मिश्रण आधीच तयार ठेवावे, कारण अर्ध्यात मिश्रण संपले तर ते बनवेपर्यंत कड वाळते. कपाची सावलीतली बाजू आणि टेबलावरची सावली हा एकच आकार मानून ब्रश न उचलता रंगवत जावे. कपावरून टेबलावर उतरताना मिश्रण किंचित उबदार करावे. थर ओला असतानाच परावर्तित उजेडाच्या जागी यलो ऑकरचा एक थेंब सोडावा आणि त्याला स्वतःहून मिसळू द्यावे. कपाच्या गोलाईवर, जिथे सावली उजेडाकडे वळते, तिथे स्वच्छ पाण्याने ओलसर केलेला दुसरा ब्रश सावलीच्या कडेवरून एकदाच फिरवावा. रंग पाण्याकडे सरकतो आणि कडा विरते. हे काम दोनदा-तीनदा केले की रंग मळतो.

सावल्या मळकट होण्याचा दोष बहुतेक जण रंगांच्या मिश्रणाला देतात. काही वेळा ते खरेही असते, विशेषतः अपारदर्शक रंग तीन-चार एकत्र केले तर. परंतु माझ्या निरीक्षणात खरे कारण हाताचे असते: खालचा थर पुरता वाळलेला नसताना वरून घासणे. घासल्याने खालचे कण सुटून वरच्या थरात मिसळतात आणि कागदाकडून परत येणारा प्रकाश अडतो. ब्रश भरलेला असावा, स्पर्श हलका असावा आणि एका जागेवरून एकदाच जावे.

तिसऱ्या थरात फारच थोडे करायचे असते. कप टेकतो त्या जागेची गडद रेघ, कानाच्या आतली फट, कपाच्या आतल्या सावलीचा एखादा ठसा. या गडद ठशांमुळे आसपासच्या फिक्या छटा अचानक उजळतात. बारीक ब्रश हाती आला की तपशील भरत जाण्याचा मोह होतो. आराखड्यात तीन छटा होत्या, हे आठवून हात आवरावा.

उजेड हातून निसटला तर

ओल्या थरातून टिश्यूने किंवा पिळलेल्या ब्रशने रंग उचलता येतो आणि मऊ उजेड मिळतो. वाळल्यावर ओलसर ताठ ब्रशने हलके चोळून, लगेच टिपून थोडी छटा परत मिळवता येते, पण कोरा कागद परत मिळत नाही, आणि फ्थॅलोसारख्या मुरणाऱ्या रंगाबाबत तर आशाच ठेवू नये. पूर्ण वाळलेल्या कागदावर ब्लेडच्या टोकाने खरवडून लहान, धारदार चमक काढता येते. खरवडलेल्या जागी सायझिंग गेलेले असते, म्हणून तिथे पुन्हा रंग लावला तर तो फुटतो. हे काम सर्वांत शेवटी करावे.

मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने, बारीक उजेड आधीच झाकून ठेवता येतात. ब्रश आधी साबणात बुडवावा, म्हणजे रबर चिकटून तो वाया जात नाही, आणि फ्लुइड कागदावर दिवसेंदिवस ठेवू नये किंवा ड्रायरने तापवू नये. त्याखालून निघणारी पांढरी जागा मात्र सर्व बाजूंनी कठोर असते. एक-दोन कडा ओल्या ब्रशने मऊ केल्याशिवाय ती चित्रात मिसळत नाही. कपासारख्या विषयाला मी त्याची शिफारस करणार नाही.

गॉश हाही पाण्यानेच वापरायचा रंग आहे, पण तो अपारदर्शक असल्यामुळे त्यात उजेड वरून लावता येतो. तिथे फिक्या छटा वाळताना सहसा गडद होतात आणि गडद छटा फिक्या पडतात, त्यामुळे टोनचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. पारदर्शक चित्रात शेवटी एखादा ठिपका गॉशचा देणे गैर नाही. मोठी जागा त्याने झाकली तर मात्र ती शेजारच्या पारदर्शक थरांपुढे निर्जीव दिसते.

पाचवा टप्पा: कडांतून भाव

छटांच्या वाटणीनंतर भावाचे दुसरे मोठे साधन म्हणजे कडा. कठोर कड नजरेला थांबवते, मऊ कड तिला पुढे जाऊ देते आणि हरवलेली कड पाहणाऱ्याला स्वतःच्या कल्पनेने जागा भरायला लावते. चित्रात सर्वांत कठोर कड आणि सर्वांत मोठा छटांतला विरोध एकाच ठिकाणी, जिथे आपल्याला लक्ष हवे आहे तिथे, असावा. बाकीच्या कडा त्या जागेपेक्षा मऊ ठेवाव्यात.

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांनी १८४२ साली स्वित्झर्लंडमधल्या लुसर्न सरोवरापलीकडच्या रिगी पर्वताची जलरंग चित्रे केली. "द ब्लू रिगी"मध्ये पहाटेच्या उजेडासमोर पर्वत निळ्या, विरळ आकारासारखा उभा आहे, तर "द रेड रिगी"मध्ये त्याच पर्वताला संध्याकाळच्या तांबूस उजेडाने ऊब आली आहे. पर्वत तोच, पण मनावर उमटणारा ठसा अगदी निराळा. नवोदिताने या दोन चित्रांच्या चांगल्या छापील प्रती शेजारी ठेवून फक्त एवढेच पाहावे की सर्वांत फिकी जागा कुठे आहे आणि पर्वताची कड कुठे कुठे हवेत मिसळली आहे.

बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांची वॉश पद्धत हा मऊ कडांचा वेगळाच मार्ग आहे. रंग लावून, वाळवून, चित्र पाण्याने धुऊन पुन्हा रंग लावण्याच्या या पद्धतीत उरलेला रंग कागदात मुरतो, विरोध कमी होतात आणि सगळ्या चित्रावर एक धूसर, अंतर्मुख वातावरण पसरते. त्यांच्या १९०५ सालच्या "भारतमाता" चित्रात हे वातावरण दिसते.

आणि मराठी चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे "ग्लो ऑफ होप". म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील हे चित्र अनेकांनी राजा रवि वर्मा यांचे तैलचित्र समजून पाहिले आहे. प्रत्यक्षात ते हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास केलेले जलरंग चित्र आहे. एका हातात निरांजन धरलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योत जपते आहे. ज्योत हाताआड असल्यामुळे आपल्याला दिसतो तो तिचा परिणाम: तांबूस झळाळणारी बोटे, उजळलेला चेहरा आणि भोवतालचा काळोख. प्रकाशाचा स्रोत लपवून त्याचे परिणाम दाखवले की पाहणाऱ्याचे मन त्या उजेडाजवळ जाते, हे तंत्र इतके थेट दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळेल. बोटांच्या उबदार छटा उजळ वाटतात त्या आजूबाजूच्या गडद छटांमुळे, आणि त्या गडद छटा इतक्या खोल नेण्यासाठी जलरंगात किती संयम लागतो हे स्वतः एकदा करून पाहिल्यावर कळते.

पुढचा सराव

तोच कप, तोच कोन, तीन वेगळे उजेड: सकाळी बाजूने येणारा, ढगाळ दुपारचा विखुरलेला आणि रात्री एकाच दिव्याचा. तिन्ही चित्रे लहान ठेवावीत आणि प्रत्येकासाठी आराखडा व एक शब्द आधी लिहावा. झाल्यावर मोबाइलने फोटो काढून तो कृष्णधवल करावा आणि आराखड्याशी ताडून पाहावा. चित्र फसले असेल तर बहुतेक वेळा इथेच दिसते की सावली मधल्या छटेतच राहून गेली आहे. दुरुस्तीसाठी त्याच कागदावर झटत बसण्यापेक्षा नव्या कागदावर सावली एक पायरी गडद घेऊन पुन्हा करणे अधिक फळते.

यानंतर उघड्यावर चित्र करायला जावे. तिथे नवी अडचण येते, कारण पृथ्वी दर तासाला १५ अंश फिरते आणि तासाभरात सावल्यांची दिशा व लांबी दोन्ही बदलतात. म्हणून बसल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या बाह्यरेषा पेन्सिलने आखून टाकाव्यात आणि कोपऱ्यात बाण काढून उजेडाची दिशा नोंदवावी. पुढे समोरच्या सावल्या सरकल्या तरी चित्रातल्या सरकवू नयेत. पहिल्या दहा मिनिटांत पाहिलेला उजेडच शेवटपर्यंत रंगवावा, आणि कागद पूर्ण तावाच्या चौथाई आकाराहून मोठा घेऊ नये, म्हणजे सावलीचा थर उजेड फार बदलण्याआधी पुरा होतो.